गावाहून परतल्यावर ताप आला, अंगावर पुरळ उठलं: आधी तारखा मोजा, मग अंग उजेडात बघा

धागा सुरू केला: मिडलंड्सची_डॉक्टर

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एका इस्पितळाच्या संसर्गजन्य रोगांच्या विभागात काम करते. इथल्या शाळा जुलैच्या अखेरीस सुटतात. त्यामुळे आपली माणसं भारतात जातात ती भर पावसात. कुणी आईवडिलांना भेटायला, कुणी घरच्या गणपतीला, कुणी शेताच्या सातबाऱ्याची कामं मार्गी लावायला. सप्टेंबर लागला की आमच्या वॉर्डात मराठी कानावर पडायला लागतं, आणि बरोबर ताप असतो.

हा धागा ज्यांच्यामुळे लिहायला घेतला त्या बाई पन्नाशीच्या. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत. विदर्भात माहेरी तीन आठवडे राहून आल्या. परतल्यावर सहाव्या दिवशी ताप भरला, डोकं फुटेल असं दुखायला लागलं. घराजवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून घरी पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा गेल्या तर अमॉक्सिसिलिन मिळालं. आमच्याकडे आल्या तो तापाचा आठवा दिवस होता. मलेरियासाठी तीन वेळा रक्त तपासलेलं, तिन्ही वेळा काही नाही. डेंग्यूची तपासणीही निगेटिव्ह. प्लेटलेट ९० हजार, लिव्हरचे आकडे वाढलेले, श्वास थोडा भरभर. केसपेपरवर लिहिलं होतं, 'ग्रामीण भागात प्रवास नाही. पुरळ नाही.'

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मराठीत विचारलं, "काकू, तिकडे कुठे कुठे जाणं झालं?"

"कुठेच नाही गं. घरीच होते."

"घर गावात आहे की शेतावर?"

"शेतावर. गाव अर्धा मैल."

"मग बांधावर, गवतात जात होतात?"

"म्हणजे काय! रोज सकाळी वहिनीबरोबर कापसात निंदण करत होते. बसून काय करू तिथे?"

माझ्या सहकाऱ्याने त्यांना विचारलं होतं, "डिड यू ट्रॅव्हल टू एनी रूरल एरिया?" त्या नाही म्हणाल्या, आणि खोटं बोलल्या नव्हत्या. माहेरी जाणं हा त्यांच्या लेखी प्रवास नव्हताच.

मग अंग बघितलं. खोलीतले वरचे दिवे मंद होते म्हणून मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला. पाठीवर आणि पोटावर फिकट जांभळट-तपकिरी ठिपके होते, समोरून दिसतच नव्हते. उजव्या जांघेत अवधाण आलं होतं. ते कशामुळे म्हणून कंबर बघितली तर परकराची नाडी बसते तिथे चवळीच्या दाण्याएवढी काळी खपली, भोवती तांबूस कडं. दुखत नव्हती. त्या म्हणाल्या, "ती होय, नाडी काचली आहे."

नाडी काचली नव्हती. स्क्रब टायफस होता. गवताझुडपांत एक सूक्ष्म कीटक असतो, त्याची डोळ्यांना धड न दिसणारी अळी अंगावर चढते आणि कपडा घट्ट बसतो तिथे, कातडी नाजूक असते तिथे चावते. कंबर, काख, जांघ, बायकांच्या छातीखालची घडी. चावलेलं कळतसुद्धा नाही. त्या जागी आठवड्याभरात अशी खपली धरते आणि मग ताप येतो. त्या चाव्यातून आत आलेला जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो, म्हणून अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं. त्याच संध्याकाळी सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. आणखी चार दिवस गेले असते तर फुप्फुसं आणि किडन्या धरल्या असत्या.

आठ दिवस लागले, त्यात कुणाच्या हुशारीची कमतरता नव्हती. दोन गोष्टी राहून गेल्या: नेमका प्रश्न आणि नेमका उजेड. या दोन्ही गोष्टी आपल्या घरात आपल्या हातात आहेत, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी तारखा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. तीन दिवसांवर खूण करा: तिकडे पोचलात तो, तिथून निघालात तो, आणि पहिली कणकण आली तो. बऱ्याच आजारांचा निकाल या तीन खुणांवर अर्धाअधिक लागतो. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, फार तर १४. म्हणजे परतून अठरा दिवस झाल्यावर पहिल्यांदा ताप आला तर तो तिकडून आणलेला डेंग्यू नव्हे, मग गल्लीत कितीही साथ असो. चिकुनगुन्या त्याहून घाईचा, बहुतेकदा आठवड्याच्या आत. स्क्रब टायफस ६ ते २१ दिवस. टायफॉइड एका आठवड्यापासून महिन्यापर्यंत कधीही. आणि मलेरिया या सगळ्यांहून वेगळा. त्यातला जीवघेणा प्रकार, फाल्सिपेरम, बहुधा तीन महिन्यांच्या आत डोकं वर काढतो, पण व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये दडून बसतो आणि सहा महिन्यांनी, वर्षानेही उठतो.

मलेरियात पुरळ सहसा येत नाही. तरीही पुरळ दिसलं म्हणून मलेरियाची तपासणी सोडायची नाही. हिवतापाच्या भागातून आलेल्या माणसाला वर्षभरात कधीही ताप आला तर पहिली तपासणी मलेरियाची, त्याच दिवशी. एकदा निगेटिव्ह आली तर पुन्हा, आणि पुन्हा. यात तडजोड नाही.

आता अंग. पुस्तकांतली पुरळाची चित्रं अजूनही बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. 'लाल चट्टे' असा शब्द आपण वाचतो आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या अंगावर लाल काही शोधत बसतो. आपल्याकडे ते तांबूस-तपकिरी, जांभळट, कधी नुसतंच थोडं जास्त काळं दिसतं. दिवसा खिडकीपाशी उभं करा, उजेड बाजूने येऊ द्या. बोटांची मागची बाजू हलकेच फिरवा, पुष्कळदा डोळ्यांआधी हाताला खरखर लागते. तळहात, तळपाय, डोळ्यांचा पांढरा भाग, टाळू ही ठिकाणं रंगाने फिकट, तिथे आधी दिसतं. आणि अंग म्हणजे सगळं अंग. केसांत, कानामागे, काखेत, नाडीखाली. आजारी माणूस लाजत असेल तर घरातल्या जवळच्या माणसाने बघावं.

एक गोष्ट मात्र बघत बसायची नाही. काचेचा पेला पुरळावर दाबा. ठिपके फिकट होत नसतील, ताप असेल, मान आखडली असेल किंवा माणूस भ्रमल्यासारखं बोलत असेल, तर सरळ ॲम्ब्युलन्स. मेनिंगोकोकस नावाचा जंतू काही तासांत माणूस नेतो, आणि तो कुठेही न जाता इथेही होतो.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देईन. इथे निदान करणार नाही, पण डॉक्टरांपुढे काय मांडायचं ते नक्की सांगेन.

संत्रानगरी

उत्तम धागा. मी नागपुरात फिजिशियन आहे. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे स्क्रब टायफसची मोठी लाट आली होती, तेव्हापासून पावसाळा संपत आला की प्रत्येक तापाच्या पेशंटला आम्ही कपडे सैल करून बघतो. एक भर घालतो: खपली सगळ्यांना नसते. आमच्याकडे कितीतरी पेशंटांना ती सापडतच नाही. त्यामुळे 'खपली नाही म्हणजे स्क्रब नाही' असं म्हणू नका. पाच दिवसांच्या वर ताप, शेताशी संबंध, प्लेटलेट खाली, लिव्हरचे आकडे वर, एवढ्यावर आम्ही रक्त तपासणीला पाठवतो आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करतो. आयजीएम (जंतूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचा) रिपोर्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतो.

मिडलंड्सची_डॉक्टर

मनापासून आभार सर. हे मी लिहायला हवं होतं. तुम्ही एका महिन्यात जितके पेशंट बघता तितके इथल्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत दिसत नाहीत. म्हणूनच पेशंटने स्वतः 'शेतात होते' हे म्हणणं फार गरजेचं आहे.

पुणे_ते_सवाना

उलट्या दिशेचा अनुभव लिहितो. मी आणि मिसेस मागच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेला क्रूगरला गेलो होतो, आमच्या ग्रुपमध्ये बाराजण. पुण्यात परत आल्यावर चौथ्या दिवशी मला ताप, मान आणि पाठ भयंकर धरलेली. डेंग्यूचा सीझन, त्यामुळे सगळ्या तपासण्या डेंग्यूच्या. सगळ्या निगेटिव्ह. मग मिसेसच्या पोटरीवर एक आणि गुडघ्यामागे एक असे दोन काळे डाग दिसले, भोवती सूज. माझे मोजे उतरवले तर घोट्यावर तीन. त्याच दिवशी ग्रुपवर विचारलं तर आणखी दोघांना ताप आणि पायावर डाग! आमच्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पाच मिनिटं शांतपणे विचार केला आणि विचारलं, "गवतात उतरला होतात का?" उतरलो होतो, चहासाठी, उंच गवत होतं. गोचीड तापाचं औषध दिलं आणि दोन दिवसांत मी उठून बसलो. हे तुम्ही म्हणता तेच का?

मिडलंड्सची_डॉक्टर

सख्खं भावंड आहे. याला आफ्रिकन टिक बाइट फीव्हर म्हणतात. जंतू रिकेट्सिया आफ्रिके, वाहक गोचीड. तिकडची गोचीड आपणहून अंगावर धावून येते आणि एकाच माणसाला अनेक ठिकाणी चावते, म्हणून एकाहून जास्त काळ्या खपल्या. ग्रुपमधल्या चौघांना एकाच वेळी होणं ही याची खास खूण. सफारीहून आलेल्या माणसाला ताप आला की मलेरिया वगळायचा आणि लगेच पाय बघायचे. सुदैवाने हा आजार स्क्रबपेक्षा पुष्कळ सौम्य.

तुम्ही ग्रुपवर विचारलंत ते फार मोलाचं केलंत. 'बरोबर गेलेल्यांपैकी आणखी कुणाला काही झालं का' हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

ओघात आणखी एक. आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या तलावात, मलावी किंवा व्हिक्टोरियात, कुणी पोहून आलं असेल आणि महिना-दीड महिन्याने ताप, खोकला आणि अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या तर डॉक्टरांना पोहल्याचं सांगा. पाण्यातल्या गोगलगायींमधून आलेला एक कृमी कातडीतून आत शिरतो. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसतात. महिना उलटल्यावर पोहण्याची आठवण कुणाला राहत नाही.

दोन_लेकरांची_आई

डॉक्टर ताई, आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. मुंबईहून येऊन बारा दिवस झाले. बाळाला तीन दिवस ताप, नाक गळतंय, डोळे चिपडले आहेत, कोरडा खोकला. आज सकाळी कानामागे आणि कपाळावर बारीक पुरळ दिसलं. सासूबाई म्हणतात घामोळं आहे. उद्या क्लिनिकमध्ये घेऊन जाऊ का?

मिडलंड्सची_डॉक्टर

उद्या नको, आज. पण थेट जाऊन बसू नका. आधी फोन करा आणि सांगा: "दहा महिन्यांचं बाळ, गोवराची लस अजून झालेली नाही, मुंबईहून आलो, ताप, खोकला, डोळे आलेत, पुरळ कानामागून सुरू झालं." ते तुम्हाला वेगळ्या दाराने घेतील.

इथे बसून निदान करत नाही, पण हे वर्णन गोवराचं असू शकतं. गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू असतो. वेटिंग रूममध्ये बसलेल्या गरोदर बाईला, केमो चालू असलेल्या माणसाला त्याचा धोका. घामोळ्यात ताप, खोकला आणि डोळे एकत्र येत नाहीत. गोवराचं पुरळ केसांच्या कडेपासून, कानामागून निघतं आणि खाली उतरत जातं. त्याआधी गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके येतात. टॉर्चने बघता आले तर बघा, नाही तर राहू द्या.

बाळ दूध पितंय ना? लघवी होते आहे ना? श्वास भरभर वाटला, छाती आत ओढली जाते आहे असं दिसलं तर फोनची वाट न बघता निघा. मुलीच्या दोन्ही लशी झाल्यात का ते लाल पुस्तकात (इथे प्रत्येक मुलाची लशींची नोंद असते त्यात) बघून ठेवा.

दोन_लेकरांची_आई

दूध पितोय, थोडं कमी. तीनदा लंगोट ओला झाला. फोन केला. मागच्या दाराने या म्हणाले. निघतो आहोत.

आजोळ_सातारा

आमच्या लहानपणी गोवर आला की घरात कडुलिंबाचा पाला, बाहेर कुणाला सोडायचे नाहीत, आणि गोवर म्हणजे देवी येऊन गेली असं समजून गप्प बसायचे. माझी धाकटी बहीण त्यात गेली. त्यामुळे हे वाचून गलबललं. माझा प्रश्न, परदेशातून बाळ घेऊन येताना नऊ महिन्यांच्या आत लस देता येते का? माझी नात मार्चमध्ये येणार आहे, तेव्हा ती सात महिन्यांची असेल.

मिडलंड्सची_डॉक्टर

काका, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. त्या काळी प्रत्येक घरात अशी एक आठवण आहे.

हो, देता येते. भारतात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. इंग्लंडमध्ये पहिला डोस वर्षाचा झाल्यावर. म्हणजे इथून सात-आठ महिन्यांचं बाळ भारतात जातं ते पूर्ण उघडं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराने बाळं गेली, हे विसरता येत नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला प्रवासाआधी एक जादा डोस देता येतो. तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत, ते पुढे ठरल्याप्रमाणे द्यावेच लागतात. मुलीला सांगा, तिकीट काढतानाच नर्सची वेळ घ्यायची.

तुरीनवासी

मी इटलीत राहतो. इकडे याबद्दल सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते. २००७ च्या उन्हाळ्यात केरळहून आलेला एक माणूस एमिलिया-रोमान्या भागातल्या कास्तिल्योने दि चेर्व्या या छोट्या गावात नातेवाइकांकडे उतरला. त्याला ताप होता. तिथले टायगर डास त्याला चावले आणि मग गावात चिकुनगुन्या पसरला. दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली. त्यातल्या बहुतेकांनी भारत नकाशावरही नीट बघितला नसेल. तेव्हापासून इथे उन्हाळ्यात ताप घेऊन आलेल्याला घराच्या आसपास डासांची फवारणी झाली का इथपर्यंत विचारतात. आपल्याला ते जाचक वाटतं, पण का विचारतात ते कळलं की राग येत नाही.

मिडलंड्सची_डॉक्टर

ही हकीकत इथे आलीच पाहिजे होती. डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचा ताप असताना पहिला आठवडाभर रक्तात विषाणू असतो, तेव्हा डास चावला की तो पुढे नेतो. दक्षिण युरोपात राहणाऱ्यांनी त्या आठवड्यात लांब बाह्या, डासांचं मलम, आणि दिवसासुद्धा मच्छरदाणी. एडिस डास दिवसा चावतो.

चिकुनगुन्या ओळखायचा तो सांध्यांवरून. पुरळ डेंग्यूसारखंच, पण बोटांची पेरं, मनगटं, घोटे इतके धरतात की कपाची दांडी पकडता येत नाही. हे नावच टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं, वाकवून टाकणारा असा अर्थ. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात ज्यांना झाला त्यांना वेगळं सांगायला नको.

बाळाची_चाहूल

नमस्कार ताई. टोरांटोहून लिहिते आहे. सात आठवड्यांची गरोदर आहे. मिस्टर कामासाठी पुण्याला एक महिना होते, परवाच आले. त्यांना तिथे असताना दोन दिवस कणकण, डोळे लाल आणि छातीवर पुरळ येऊन गेलं. आपोआप बरं झालं म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाहीत. २०२४ ला पुण्यात झिका, तो पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा विषाणू, निघाला होता असं वाचलं आणि झोप उडाली.

मिडलंड्सची_डॉक्टर

घाबरू नका, पण ही गोष्ट तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना आजच कळवा. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यात बेलसर गावी सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात बरेच निघाले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. सौम्य ताप, पुरळ, लाल डोळे आणि दोन-चार दिवसांत बरं वाटणं हे झिकात बसतं, पण डेंग्यूच्या हलक्या झटक्यातही बसतं.

महत्त्वाचं म्हणजे झिका डासाखेरीज शरीरसंबंधातूनही जातो. पुरुषाने परतल्यापासून तीन महिने, आणि बायको गरोदर असेल तर संपूर्ण गरोदरपणात, निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचे. हे आजपासून पाळा, रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. मिस्टरांच्या तारखा लिहून द्या: ताप कधी, पुरळ कधी, परतले कधी. कुणाची कोणती तपासणी करायची ते तिथले डॉक्टर त्यावरून ठरवतील.

लॅबमधला_मी

तपासण्यांबद्दल थोडं, कारण रोज तेच बघतो. डेंग्यूची एनएस१ तपासणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत खरी कामाची. आठव्या दिवशी केली आणि निगेटिव्ह आली तर त्यावरून काही ठरत नाही. आयजीएम पाचव्या दिवसानंतर उगवतं. डेंग्यू आणि झिका एकाच घराण्यातले, त्यामुळे अँटिबॉडीच्या तपासणीत एकाचा रिपोर्ट दुसऱ्याने बिघडतो. केनियाला जाण्याआधी घेतलेली पिवळ्या तापाची लससुद्धा गोंधळ घालते, म्हणून फॉर्मवर लशी लिहाच. आणि विडाल, टायफॉइडसाठी करतात ती जुनी रक्ततपासणी. कृपा करून एका विडालवर टायफॉइड म्हणू नका. टायफॉइडला ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघणं), अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. भारतातून निघताना दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी विमानातच सुरू केली की कल्चरमध्ये काही उगवत नाही.

मिडलंड्सची_डॉक्टर

अगदी. शिवाय त्या पट्टीमुळे येणारं पुरळ हा वेगळाच घोळ. पेशंटला ताप आहे, पुरळ आहे, आणि ते पुरळ आजाराचं नसून गोळीचं आहे असं किती वेळा निघतं! तिकडे काय काय घेतलं, काढे आणि इंजेक्शनंसुद्धा, त्या वेष्टनांसकट घेऊन या.

आणखी एक स्पष्ट लिहिते, कारण ते लाजेपोटी मागे राहतं. प्रवासात नव्या जोडीदाराशी संबंध आला असेल आणि दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा, गाठी आणि छाती-पाठीवर पुरळ आलं, तर एचआयव्हीची तपासणी मागून घ्या. तळहात-तळपायावर न खाजणारे ठिपके असतील तर सिफिलिसचीही. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. वेळेत कळलं तर दोन्हींवर चांगले उपचार आहेत.

सरळ_बोला

हे सगळं खरं, पण इथे दहा मिनिटांची अपॉइंटमेंट. माझ्या आईला तीन वेळा परत पाठवलं, कोण ऐकून घेणार?

मिडलंड्सची_डॉक्टर

तुमचा त्रास खरा आहे. मी तो दुसऱ्या बाजूने बघते. म्हणून तोंडी सांगण्यावर राहू नका, अर्ध्या कागदावर लिहून हातात द्या, पहिल्या मिनिटाला. आईच्या वेळी असा कागद कामी आला असता (तपशील नमुन्यादाखल): "वय ६८. भारत, सिंधुदुर्ग, खेडेगाव. ४ ते २९ ऑगस्ट. ताप ३ सप्टेंबरपासून, रोज १०२ च्या वर. पुरळ ७ सप्टेंबरला, पोट आणि पाठ. शेत, गुरं, साचलेलं पाणी. मलेरियाच्या गोळ्या घेतल्या नाहीत. मधुमेह." बस, एवढंच. 'हॉलिडे' हा शब्द लिहू नका. गावाचं नाव आणि तिथे काय केलं ते लिहा. आणि शेवटी प्रश्न विचारा, "मलेरियाची तपासणी आज होईल का?"

घरटं_लंडन

आता लगेच उत्तर मिळेल का माहीत नाही. सासरे ६४ वर्षांचे, ठाण्याहून येऊन पाच दिवस झाले. विमानातून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ताप. काल रात्रीपर्यंत १०३ होता, आज सकाळी उतरला, ९८. आम्ही सगळे सुटलो म्हटलं. पपईच्या पानांचा रस चालू आहे. पण दुपारपासून पोटात दुखतंय, तीनदा ओकले, खूप गळून गेलेत, हात गार लागतायत. अंगावर पुरळ काहीच नाही म्हणून डेंग्यू नसेल ना?

मिडलंड्सची_डॉक्टर

आत्ता आपत्कालीन विभागात न्या. हे वाचून झालं की निघा.

डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच वेळ धोक्याची. त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, दाब पडतो. पोटदुखी, सारखी उलटी, गार हात, मरगळ ही त्याची लक्षणं. पुरळ नसलं तरी डेंग्यू असतो. दारातच सांगा: भारतातून पाच दिवसांपूर्वी, डेंग्यूची शंका, ताप आजच उतरला, पोटदुखी आणि उलट्या. मलेरियाही तपासायला सांगा. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन दिलं असेल तर तेही सांगा, आणि आता देऊ नका. रस थांबवा, त्याने उलटी वाढेल.

संत्रानगरी

निघालात का? एक ओळ टाका.

घरटं_लंडन

(दुसऱ्या दिवशी) दाखल केलं. डेंग्यूच आहे. मलेरिया नाही. प्लेटलेट ३८ हजार, पण डॉक्टर त्यापेक्षा हिमॅटोक्रिट नावाच्या, रक्त किती घट्ट झालंय ते सांगणाऱ्या आकड्याकडे बघतायत, तो खूप वाढला होता. सलाइन चालू आहे, दर दोन तासांनी रक्त. आम्ही प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागलो होतो, त्यांनी नीट समजावलं की रक्त जात नसेल तर गरज नाही. बाबांना तीस वर्षांपूर्वी ठाण्यातच असा ताप येऊन गेला होता असं सासूबाई आता सांगतायत.

मिडलंड्सची_डॉक्टर

हुश्श. डॉक्टर योग्य आकडा बघतायत. सासूबाईंची आठवण त्यांना जरूर सांगा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण पुढे दुसरा झाला तर आजार जास्त जोराचा होऊ शकतो. भारतात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना लहानपणी कळत-नकळत एकदा होऊन गेलेला असतो. 'आम्ही तिथलेच, आम्हाला काय होतंय' हे मी वॉर्डात दर वर्षी ऐकते. डेंग्यूच्या बाबतीत तिथलं असणं हाच धोका आहे. मलेरियाशी झुंजायची अंगाची सवयही इथे काही वर्षं राहिलं की उरत नाही.

दोन_लेकरांची_आई

ताई, गोवरच निघाला. बाळ दोन रात्री ऑक्सिजनवर होतं, आता घरी आहे, पुरळ तपकिरी पडून कोंडा निघतोय. मुलीच्या दोन्ही लशी झालेल्या होत्या, तिला काही नाही. विमानातल्या लोकांना कळवण्यासाठी आमच्याकडून सीट नंबर घेतले.

घरटं_लंडन

(चार दिवसांनी) बाबा आज घरी आले. काल संध्याकाळपासून दोन्ही पोटऱ्यांवर आणि हातांवर तांबूस पुरळ आलंय, मध्ये मध्ये कातडीची फिकट गोल बेटं सोडून. तळवे खूप खाजतायत. मी खिडकीपाशी नेऊन तुम्ही सांगितल्यासारखं बाजूच्या उजेडात बघितलं आणि पेला दाबला. फिकट झालं, थोडे बारीक ठिपके मात्र तसेच राहिले. जेवण व्यवस्थित, लघवी व्यवस्थित. पुन्हा न्यायचं का?

मिडलंड्सची_डॉक्टर

हे बरं होतानाचं पुरळ आहे असं वाटतं. डेंग्यूमध्ये उतरणीला असं येतं, बेटं सोडून, आणि तळवे खाजतात. पेला दाबून न जाणारे बारीक ठिपके प्लेटलेट कमी असल्याचे, ते आठवड्याभरात विरतील. ताप पुन्हा आला, हिरड्यांतून किंवा संडासवाटे रक्त दिसलं, चक्कर आली तर लगेच न्या. नाही तर ठरलेल्या दिवशी रक्त तपासा, तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी नको. खाजेसाठी गार पाण्याचं फडकं ठेवा.